यादीतली खालची ओळ

आमच्या मोजमापाच्या खोलीत मनगटावर घड्याळ बांधून येता येत नाही. अंगठीही चालत नाही. बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका झडपांच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं तेच काम करतो. आलेला भाग मोजायचा, आकडा लिहायचा, आकड्यासमोर सही करायची. घड्याळाचा पट्टा उपकरणाला घासला तर ओरखडा पडतो, म्हणून ही बंदी. नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे घड्याळ नव्हतं. लग्नात सासऱ्यांनी दिलं ते मी दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याला देऊन टाकलं. रुंद तपकिरी पट्ट्याचं ते घड्याळ तेवीस वर्षं समरजितच्या डाव्या मनगटावर होतं. मला वेळ पाहायची असली की मी त्याचा हात ओढून बघत असे.

समरजित मेव्हणा नंतर झाला, आधी पॉलिटेक्निकमधला मित्र होता. त्याच्या पूर्वजांनी संस्थानच्या रिसाल्यात घोडी दौडवली, माझ्या पूर्वजांनी संस्थानच्याच दप्तरात दौती रिकाम्या केल्या. त्यामुळे त्याच्या बहिणीने, संयोगिताने, माझ्याशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिचे वडील आबासाहेब आठ दिवस घुश्शात होते. पुढे त्यांचा राग गेला, चेष्टा तेवढी उरली. मी तरसालीला त्यांच्या घरी गेलो की ते म्हणत, "या जावईबापू, दप्तर आणलंत का?"

दोन वर्षांपूर्वी समरजित कामावर असताना ओल्या जिन्यावरून घसरला. ऑपरेशन होऊन उजव्या गुडघ्यात सळई बसली आणि तो घरीच बसला. आधी सुट्टी म्हणून, मग सवयीने. त्याला बायको-मुलं नाहीत. होती ती एक जुनी मोटरसायकल, ती ओसरीत आच्छादन घालून उभी राहिली. हा माणूस पूर्वी नुसता चहा प्यायला पावागढपर्यंत जाऊन येत असे. आता तो खिडकीपाशी बसून समोरच्यांच्या गच्चीवरचे कपडे बघायचा. संयोगिताने एकदा जेवताना मला सांगितलं, "दादाला काहीही करून बाहेर काढ. तुझं तो ऐकतो." तेव्हा पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे. हे मी लपवणार नाही.

मी त्याच्यासमोर सौराष्ट्राचा नकाशा पसरला. दिवाळीनंतर निघायचं, भावनगरपासून समुद्र डाव्या हाताला धरून द्वारकेपर्यंत जायचं. तो चालवणार, मी मागे बसणार. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, जास्त नाही. पहिल्या दिवसाचं तेवढं मोठं अंतर. डॉक्टरांनी नोव्हेंबरअखेरीस गाडी चालवायची परवानगी दिली होती. त्याआधी मोह नको म्हणून आबासाहेबांनी चावी आपल्या कपाटात घातली होती. समरजितने किनाऱ्यावरून बोट फिरवलं आणि तो म्हणाला, "निरांते जाऊ." निरांत हा त्याचा लाडका गुजराती शब्द. घाई नाही, कुणी वाट बघत नाही, अशी सवड. मग त्यानेच ठरवलं की बेतसुद्धा निरांतेच करायचा. दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरची सेव-उसळ आणायची, खाऊन झाली की एकच टप्पा ठरवायचा. उरलेला आठवडा त्या टप्प्याचा विचार करत काढायचा.

कागद मी दिला. आमच्या खोलीतले जुने छापील तक्ते वाया जातात, त्यांतला एक. डावीकडे नोंद, मध्ये माप, उजवीकडे सहीचा रकाना. अक्षर समरजितचं चांगलं, म्हणून लिहायचं त्याने. मी नकाशावर अंतर मोजून सांगायचं. मी त्याला बजावलं की नियम म्हणजे नियम, जो लिहील त्याने सही करायची. तो हसला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पेन हातात घेतल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर तो पानाच्या अगदी तळाशी गेला. मी विचारलं, हे काय? आबासाहेब खुर्चीतून म्हणाले की आमच्या घरची रीत आहे. स्वारी निघायची तेव्हा मुक्कामांची यादी करत, त्यात सगळ्यांत खालची ओळ आधी लिहायची, बडोदे. मग वरून सुरुवात करायची. समरजित शाळेच्या सहलीला गेला तेव्हाही यादी अशीच झाली होती.

मी त्याचा हात धरला. परतीचा रस्ता कुठे ठरला होता? घोघ्याहून बोटीने यायचं की राजकोटवरून, ते नक्की नव्हतं, अंतर मोजलेलं नव्हतं. न मोजलेलं लिहायचं नाही, एवढं एकच मी आयुष्यात नीट शिकलो आहे. आमच्याकडे एका माणसाची नोकरी याच कारणाने गेली. "ठरलं की लिहू," मी म्हणालो. समरजितने आबासाहेबांकडे पाहिलं. त्याने खालची ओळ कोरी सोडली, वर जाऊन लिहिलं, 'बडोदे ते भावनगर, २०४', आणि थाटात सही केली.

निघताना मी मोटरसायकलचं आच्छादन उचलून मीटरवरचा आकडा माझ्या वहीत लिहून घेतला. ३१,४६८. काही खास कारण नव्हतं, आकडा दिसला की लिहितो.

भाद्रपद होता. तो आठवडाभर बडोद्यात सूर्य दिसला नाही, घरोघरी कपडे वाळत नव्हते. पुढच्या रविवारी गेलो तर समरजितचं नाक आणि कपाळ उन्हाने रापलेलं. संयोगिता म्हणाली, दादाचा चेहरा किती तजेलदार दिसतोय. मी उगाचच ओसरीत गेलो. मीटरवर ३१,६७२ होते. वजाबाकी मी तिथेच केली. दोनशे चार.

मला रागच आला. सळई बसलेला पाय घेऊन हा गुपचूप फिरतो आणि आम्हाला निरांत शिकवतो. मी त्याला गाठून विचारलं. तो गोंधळला, शपथ घेऊन म्हणाला की तो फाटकाबाहेरही गेलेला नाही. आबासाहेबांनी कपाट उघडून चावी दाखवली. तिच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं होतं, गेल्या वर्षी दसऱ्याला वाहिलेलं, ते तसंच होतं. मी आकडा चुकीचा लिहून घेतला असेन असं ठरवलं. असं मी पूर्वी कधी ठरवलं नव्हतं.

त्या रविवारी 'भावनगर ते महुवा, ९७' झालं. सही झाली. यावेळी मी तयारीने आलो होतो. कारखान्यात घट्ट केलेल्या नटावर आम्ही पिवळ्या रंगाची रेघ मारतो. अर्धी नटावर, अर्धी खालच्या भागावर. नट केसभर फिरला तरी रेघ तुटते. तशी रेघ मी मागच्या चाकावरून खाली फरशीपर्यंत ओढली, दोन्ही बाजूंनी. आच्छादनावरची धूळही बघून ठेवली.

सात दिवसांनी रेघ अखंड होती. धूळ होती तशी होती, तिच्यावरून एक मुंगी चालली होती. मीटरवर ३१,७६९.

चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हात घातला तर बोटांना ओलसर वाळू लागली. जिभेला लावून पाहिली. खारट होती.

आत समरजित उसळीवर शेव घालत बसला होता. तो आपणहून बोलायला लागला. महुव्यात बंदराकडे जाताना एक चहाची टपरी लागते, तिच्यापुढे निळं बाकडं आहे, त्याचा एक पाय विटेवर टेकवलेला. बसलं की डावीकडे कलतं. शेजारी एक म्हातारी कांद्याची टरफलं टोपलीत भरत असते. मी विचारलं, तू महुव्याला कधी गेला होतास?

"गेलो कुठे?" तो म्हणाला. "आपण ठरवलं ना मागच्या रविवारी."

मला तेव्हा भीती वाटली. साधी, सरळ. पण मी ती कुणापुढे बोलून दाखवली नाही, याला कारण होतं. समरजित काठीशिवाय जिना चढत होता. त्याने दाढी केली होती. संयोगिता घरी गुणगुणायला लागली होती. तिच्यापुढे जाऊन काय सांगणार होतो, की तुझा भाऊ बरा होतोय ते थांबव, माझी वजाबाकी बरोबर येते आहे म्हणून? तिने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

मी मीटरची केबल चाकापासून सोडवून ठेवली. आम्ही 'महुवा ते दीव, १२८' लिहिलं. आकडा तरीही १२८ने वाढला. मग 'दीव ते वेरावळ, ८८' झालं. तोही वाढला. सोडवलेली केबल पत्र्यावर आडवी पडलेली होती, तिच्या टोकाला पांढरट खार धरला होता.

चौथ्या टप्प्यानंतर मला समरजितमध्ये दुसरं काहीतरी दिसायला लागलं. तब्येत सुधारली होती, पण समोर बसून काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. पूर्वी परदेशी फोन लावला की मध्ये एक पोकळी असायची, तेवढा वेळ. त्याच्यापुढची उसळ संपत नसे, चहावर साय धरे. एकदा मी सवयीने वेळ पाहायला त्याचा हात ओढला, तर तो हात गार आणि दमट होता, अंगणात वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. घड्याळाच्या कडेने त्याचं मनगट काळंभोर रापलं होतं. पट्टा जरा सरकला तेव्हा त्याखालची कातडी पांढरीफटक दिसली.

आबासाहेबांनाही दिसत असावं. त्या दिवशी ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. हे ते कधी करत नाहीत.

"जावईबापू," ते म्हणाले, "खाली घर लिहिलंत का?"

मी म्हणालो, अजून परतीचं ठरलं नाही. त्यांनी मान हलवली. म्हातारा माणूस, वाद घालायची सवय नाही. पण फाटकाची कडी लावायची ते विसरले. ती मी लावली.

पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. पोट बिघडल्याचं सांगितलं. मी गेलो नाही तर अंतर कोण मोजेल, आणि अंतर नाही तर टप्पा नाही, असा माझा हिशेब होता. संयोगिता एका मैत्रिणीकडे अलकापुरीला गेली होती. दुपारी अडीच वाजता समरजितचा फोन आला.

"तू आला नाहीस म्हणून मीच लिहिलं," तो म्हणाला. "वेरावळ ते माधवपूर. चौऱ्याऐंशी. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. मी घरी मोजून ठेवलं होतं. त्याच्या आवाजामागे वारा इतका होता की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

मी स्कूटर काढली. वीस मिनिटांत तरसालीला पोचलो. ऊन पडलं होतं, गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी घरी पापड तळत होते. आबासाहेब दारातच खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, आत आहे, मघाशी चहा मागितला, मी नेऊन ठेवला.

खोलीत कुणी नव्हतं. काठी भिंतीला टेकलेली होती. सपाता पलंगाखाली होत्या. चहावर साय धरली होती. मागचं दार आतून कडी घातलेलं.

मी फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"कुठे आहेस?"

"माधवपूरला. रस्ता अगदी पाण्याला लागून आहे रे. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे नारळ. तू असायला हवा होतास."

"समर, परत ये."

फोनमध्ये वारा वाढला. मग त्याने विचारलं, "कुठे?"

तो चेष्टा करत नव्हता. रस्ता विसरलेला माणूस पत्ता विचारतो तसं त्याने विचारलं.

"घरी. बडोद्याला."

"यादीत बघ ना," तो म्हणाला. "इथून पुढे काही लिहिलेलंच नाही."

यादी जेवणाच्या टेबलावर होती, वर पाण्याचा तांब्या ठेवलेला. पाच ओळी, पाच सह्या, सगळ्या त्याच्या वळणदार अक्षरात. पाचवीची शाई अजून चमकत होती. खाली कोरी जागा आणि तळाची ती एक ओळ.

आबासाहेब माझ्या मागे येऊन उभे होते.

"लिहा," ते म्हणाले. एवढंच.

मी लिहिलं. अंतर मोजलेलं नव्हतं, मधला रकाना तसाच सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजलेली नोंद करत होतो. अक्षर नीट येईना. बडोदे. लिहून झाल्यावर पेन उजवीकडे सरकलं, सव्वीस वर्षं सरकतं तसं. मी ते सरकवलं असं मला म्हणता येणार नाही.

"लिहिलं," मी फोनवर म्हणालो. "आता ये."

"सलील," तो म्हणाला. आवाज आता खूप लांबून येत होता, पण शांत होता. "सही कुणाची केलीस?"

मी कागदाकडे पाहिलं. सही माझी होती.

वारा थांबला. फोन बंद झाला.

मी खुर्चीत बसलो. कंबर आखडली होती, तळहातांना मुंग्या आल्या होत्या, ओठ खारट लागत होते. डोळ्यांत बारीक काही तरी खुपत होतं. बुटांत वाळू होती.

आबासाहेबांनी स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणून माझ्यापुढे ठेवला. तेवीस वर्षं ते मला तुम्ही म्हणत आले आहेत.

"आलास?" ते म्हणाले.

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते.

या गोष्टीला आता चार महिने होतील. पोलिसांत तक्रार दिली. संयोगिता आणि मी गाडी करून माधवपूरपर्यंत जाऊन आलो, प्रत्येक धर्मशाळेत त्याचा फोटो दाखवला. कुणी पाहिलेला नाही. महुव्यात निळं बाकडं आहे. एका पायाखाली वीट आहे. संयोगिता त्यावर बसली आणि रडली. मी उभाच राहिलो. तिला मी सगळं सांगितलं आहे, वहीसुद्धा दाखवली आहे. तिचा विश्वास बसला की नाही हे ती सांगत नाही. यादीबद्दल मात्र तिने एकदा विचारलं, त्याने पहिल्या दिवशी लिहायला घेतलं तेव्हा तू त्याचा हात का धरलास?

मोटरसायकलच्या मीटरवर ३२,५२१ आहेत. माधवपूर ते बडोदे मी नंतर नकाशावर मोजलं, चारशे बावन्न. त्या दुपारनंतर आकडा हललेला नाही. म्हणजे गाडी घरी आली आहे आणि तो तिकडे गाडीशिवाय आहे.

आबासाहेब दर रविवारी माझ्याकडून एक कोरा तक्ता मागून घेतात. तळाशी स्वतःच्या हाताने बडोदे लिहितात आणि सहीचा रकाना रिकामा ठेवून, वर पेन ठेवून, तो टेबलावर मांडतात. त्याने येऊन सही करायची आहे. संध्याकाळी ते कागदाची घडी करून कपाटात चावीशेजारी ठेवतात. मग माझा डावा हात आपल्या हातात घेतात आणि अंगठ्याने मनगट चोळत बसतात. मी हात ओढून घेत नाही.

मी सकाळी सातला कंपनीच्या बसने जातो. दिवसभर बंद खोलीत ट्यूबलाइटखाली असतो. इतक्या दिवसांत तोंडाचा आणि हाताचा रापलेला रंग उतरायला हवा होता, पण उतरलेला नाही. मनगटावर दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा अजून तसाच आहे, आणि त्याच्या कडेला पट्ट्याच्या बकलाची चौकोनी खूण आहे.

मी आयुष्यात कधी घड्याळ बांधलेलं नाही.